पांगुळगाड्याला सातवा हात

सुधाकररावांनी नातीसाठी केलेल्या पांगुळगाड्याला आतापर्यंत एक बंगाली वर्तमानपत्र, तीन डास, कावळ्याचं एक पीस आणि मुलाची, म्हणजे केयूरची, ऑफिसची पँट एवढं चिकटून झालं होतं. वर्तमानपत्राचं पान सोडवताना फाटलं आणि साड्यांच्या सेलची जाहिरात उलट्या अक्षरांत दांड्यावर उमटून बसली. पीस निघालं. डास निघाले नाहीत. पँटचं काय झालं ते केयूर एस्प्लनेडच्या ड्रायक्लीनरला अजून समजावून सांगत होता.

"वाळतंय," सुधाकरराव रोज सकाळी बाल्कनीत जाऊन लांबूनच म्हणत. "कलकत्त्याची हवा दमट. इथे जरा वेळ घेतं."

"जरा म्हणजे किती?" सरलाबाई आतून विचारत. "महिना झाला. तेवढ्यात माझं लोणचं मुरतं."

मधुवंती सासूसासऱ्यांच्या या संवादातून अंग काढून घेई आणि मुलीच्या तोंडातलं काय ते काढी. शर्वरी अकरा महिन्यांची होती आणि घरातली प्रत्येक वस्तू तिने एकदा तरी चावून बघितली होती: रिमोट, चपलेचा पट्टा, खाटेचा पाय, आजोबांच्या चष्म्याची काडी. म्हणूनच पांगुळगाड्याला बाजारचं वार्निश लावायचं नाही, लाखेचं पॉलिश लावायचं, असं सुधाकररावांनी पहिल्याच दिवशी जाहीर केलं होतं.

"औषधाच्या गोळ्या कशा चकाकतात? लाखेने. स्पिरिट उडून गेलं, पॉलिश कडक वाळलं, की खुशाल चावू दे तिला. पण वाळलं पाहिजे हं. कच्चं असताना नाही."

गाडा मात्र देखणा झाला होता. तीन चाकं, वर उभा दांडा, त्यावर इवल्याशा मुठींना धरता येईल अशी आडवी दांडी. खिदिरपूरहून सागाचे तुकडे आणून सुधाकररावांनी बाल्कनीत बसून तो स्वतः तासला होता. शर्वरी आता कशालाही धरून उभी राहत होती, पुढचं पाऊल टाकू की नको अशा विचारात डुलत होती आणि धपकन बसत होती. ती गाड्याला धरून चाललेली बघायची आणि मग नागपूरला परतायचं, एवढीच सुधाकररावांची इच्छा होती. त्यापायी वीस जुलैचं तिकीट तीन ऑगस्टवर गेलं होतं आणि तीनचं बावीसवर. बावीसच्या पुढे जाणं शक्य नव्हतं, कारण सत्तावीसला गणपती होते आणि नागपूरच्या घरचा गणपती काही सुधाकररावांच्या पॉलिशसाठी थांबणार नव्हता.

आज सोळा तारीख होती आणि गाड्यावर पॉलिशचा सहावा हात चिकचिकत होता.

मधुवंतीला कळत नव्हतं ते वेगळंच. हे असं दुसऱ्या कुणाच्या हातून झालं असतं तर तिला नवल वाटलं नसतं. पण सुधाकरराव चौतीस वर्षं सरकारी प्रयोगशाळेच्या रंग-वार्निश विभागात होते. कंत्राटदारांनी पाठवलेला माल वेळेत वाळतो की नाही हे बघायचं आणि नापास करायचं, हा त्यांचा धंदा. निवृत्तीच्या दिवशी सहकाऱ्यांनी भिंतीवरचं घड्याळ भेट दिलं, तेव्हा त्यांनी ते आठवडाभर रेडिओशी ताडून बघितलं आणि चार मिनिटं मागे पडतं म्हणून परत नेऊन दिलं. मधुवंतीला बघायला आले तेव्हा कांदेपोहे खाता खाता त्यांनी सोफ्याच्या हाताला हळूच नख लावलं होतं. मग म्हणाले, "मुलगी आम्हाला पसंत आहे. पण या सोफ्याचं वार्निश कच्चं आहे." त्यानंतर तिचे वडील कितीतरी दिवस त्या हातावर पेपर ठेवून बसत.

असा माणूस महिनाभर एका चिकट दांड्याकडे लांबून बघतो, एकदाही नख लावत नाही, आणि 'वाळतंय' म्हणतो.

त्या दिवशी दुपारी मधुवंती दोरीवरचे लंगोट काढत होती. सरलाबाई गवारीच्या शेंगा मोडत होत्या. दोघींना वाटलं, शर्वरी दुसरीच्या जवळ आहे. बाल्कनीतून आधी एक आनंदाचा चीत्कार आला आणि पाठोपाठ भोकाड.

शर्वरी पांगुळगाड्याला धरून उभी होती. अगदी ताठ, चित्रात काढावी तशी. फक्त तिला दांडी सोडता येत नव्हती. दोन्ही तळवे चिकटले होते, ती हात ओढत होती आणि गाडा तिच्या अंगावर येत होता. गाडा अंगावर आला की ती आणखी मोठ्याने रडत होती.

"अगं थांब, ओढू नकोस," म्हणत मधुवंतीने तिला उचललं, तेव्हा गाडाही थोडा वर उचलला गेला.

सरलाबाईंनी खोबरेल आणलं. बोट बोट करत हात सुटले. तळव्यांना काही झालं नव्हतं, नुसते तांबूस आणि चिकट झाले होते. सुटल्याबरोबर शर्वरीने एक मूठ तोंडाकडे नेली, ती मधुवंतीने वाटेतच पकडली.

सुधाकरराव दारात उभे होते. सरलाबाईंनी त्यांच्याकडे बघितलं, तेलाची बाटली बंद केली आणि म्हणाल्या, "आता उद्या मलाच चिकटवा म्हणजे झालं."

ते हसलेसुद्धा नाहीत. आत जाऊन पलंगावर भिंतीकडे तोंड करून पडले.

दुसऱ्या दिवशी सकाळी मधुवंती पॉलिशची बरणी घेऊन तळमजल्यावर गेली. तिथल्या मजुमदारांकडे लग्न निघालं होतं आणि श्यामसुंदर मिस्त्री त्यांच्या जुन्या कपाटाला पॉलिश करत होता. पुरुलियाकडचा माणूस, पन्नाशीचा, बोलणं अर्धं हिंदी, अर्धं बांगला.

त्याने बरणीचं झाकण उघडलं, वास घेतला, बोट बुडवलं आणि दोन बोटांत चोळून बघितलं. एखाद्या आजाऱ्याची नाडी बघावी तसा त्याचा चेहरा झाला.

"बौदी, हे म्हातारं झालंय," तो म्हणाला. "लाख स्पिरिटमध्ये कालवली की तिचं वय सुरू होतं. ताजं असलं तर अर्ध्या तासात वाळतं. हे वाळणार नाही. सात हात द्या, सत्तर द्या. नवा हात खालच्या हाताला आणखी मऊ करणार. किती दिवसांचं आहे?"

"गेल्या वर्षीचं असेल. आमचे सासरे म्हणतात."

"लावायच्या आधी काचेवर थेंब टाकला नाही?"

"म्हणजे?"

"काचेवर एक थेंब टाका. चहा पिऊन या. मग नख लावा. नख घसरलं तर पॉलिश. नख रुतलं तर गूळ." त्याने बरणी परत दिली. "माझ्या आईलाही माहीत आहे हे. आमच्याकडे झाडांना लाख धरते."

मधुवंतीने त्याच्याकडून कोरड्या लाखेच्या पापड्या मागून घेतल्या. पुडीतल्या त्या पापड्या मधासारख्या रंगाच्या होत्या, पातळ, हातात धरल्या तर पलीकडचं दिसेल अशा.

शर्वरी अकराला झोपली. मधुवंतीला चाळीस मिनिटं मिळाली. या चाळीस मिनिटांत ती एरवी आंघोळ, जेवण, आईला फोन यांतलं एक काहीतरी करी. आज तिला काच हवी होती. वॉशिंग मशीनच्या मागे फुटक्या फोटोफ्रेमची एक काच 'कधीतरी लागेल' म्हणून ठेवलेली तिला आठवत होती. हात घालून तिने ती ओढून काढली. काच नागपूरच्या वर्तमानपत्रात नीट गुंडाळलेली होती, आणि असं गुंडाळून तिने ती ठेवली नव्हती.

कागद उलगडला. काचेवर एका ओळीत पाच तांबूस थेंब होते. प्रत्येकावर नखाची चंद्रकोर. आणि प्रत्येकाखाली मार्करने, बारीक, रेखीव, चौतीस वर्षं अहवाल लिहिलेल्या अक्षरात:

६ जुलै, स. ११.००. ११.४०, नख रुतलं.

दु. १२.३०, रुतलं.

सायं. ५.००, रुतलं.

७ जुलै, स. ८.००, रुतलं. ९ जुलै, रुतलं.

शेवटी एक जाड रेघ, त्याखाली 'नापास', आणि त्याखाली झोकदार सही.

मधुवंतीला आधी हसू आलं. मग तिने तारखा पुन्हा वाचल्या. गाड्यावर पहिला हात पडला होता अठरा जुलैला. वीसचं तिकीट होतं ना, म्हणून तिच्या लक्षात होतं. बाबा म्हणाले होते, आता हात दिलाय, वाळेपर्यंत कसं जायचं. तीन ऑगस्टच्या आदल्या दिवशी चौथा हात दिला होता. म्हणजे पॉलिश वाळणार नाही हे त्यांना नऊ जुलैपासून लेखी माहीत होतं.

तिने बरणीकडे बघितलं. बरणीवर सुधाकररावांनी चिठ्ठी चिकटवली होती: 'लाख + स्पिरिट'. तारीख नव्हती. तांदळाच्या डब्यावरसुद्धा तारीख घालणाऱ्या माणसाने इथे तारीख घातली नव्हती. तिने ओल्या फडक्याने चिठ्ठीचा कोपरा उचलला. खाली दुसरी चिठ्ठी होती, सरलाबाईंच्या अक्षरातली: 'अनारशाचं पीठ, अधिक श्रावण'.

ते अनारसे ती जन्मात विसरणार नव्हती. दोन वर्षांपूर्वी अधिक महिना आला तेव्हा तिच्या आईने जावयाला वाण म्हणून तेहतीस अनारसे पुण्याहून कुरियरने पाठवले होते. त्यातले अकरा अख्खे आले, बाकीचा भुगा. सासूबाई तेव्हा इथेच होत्या. 'विहीणबाईंचं वाण अपुरं राहायला नको' म्हणून त्यांनी याच स्वयंपाकघरात पीठ करून बावीस अनारसे स्वतः तळले आणि जावयाच्या जागी आपल्याच मुलाला दिले. रिकाम्या बरणीत बाबांनी उरलेलं पॉलिश भरून ठेवलं होतं. अधिक श्रावण दरवर्षी येत नाही. तेव्हा हे पॉलिश गेल्या वर्षीचं नव्हतं, दोन वर्षांचं होतं, शर्वरीहून दुप्पट वयाचं.

ती काच हातात धरून स्वयंपाकघरात गेली. सरलाबाईंनी एकदा काचेकडे, एकदा तिच्याकडे बघितलं आणि आमटी ढवळत राहिल्या.

"सापडली का?"

"आई, तुम्हाला माहीत होतं?"

"आलो त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी पाठ करून काहीतरी टोचत बसले होते. पाठीवरूनच कळतं मला, पास की नापास." त्यांनी गॅस बारीक केला. "मला वाटलं, नवीन करतील. तर हे तेच लावत बसले. मी म्हटलं, जाऊ दे. गणपतीला अवकाश होता."

"मग तुम्ही रोज ओरडत का होता त्यांच्यावर?"

"न ओरडून कसं चालेल? त्यांना संशय आला असता."

मधुवंतीने जुनं पॉलिश मोरीत न ओतता एका डब्यात काढून श्यामसुंदरकडे पोचवलं, बरणी स्पिरिटने विसळली आणि खिडक्या उघड्या टाकून पापड्या ताज्या स्पिरिटमध्ये भिजत घातल्या. स्टुलावर चढून सगळ्यात वरच्या फळीवर, जिथे शर्वरीचाच काय, केयूरचाही हात पोचत नव्हता. दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत त्या विरघळल्या. तिने ते जुन्या मलमलच्या ओढणीतून गाळलं आणि शर्वरी झोपल्यावर त्याच काचेवर, पाच नापास थेंबांच्या शेजारी, सहावा थेंब टाकला. खाली मार्करने लिहिलं: '१८ ऑगस्ट, स. ११.१०. तपासणारे' आणि पुढची जागा कोरी सोडली.

काच तिने चहाच्या कपाशेजारी ठेवली आणि ट्रे सुधाकररावांसमोर आणला.

त्यांनी काचेकडे बघितलं. बराच वेळ बघितलं. मग चष्मा काढून पुसला, खरं तर तो स्वच्छ होता.

"ही कुठे मिळाली?"

"वॉशिंग मशीनच्या मागे."

"हं. जागा चुकली." त्यांनी कप उचलला, तसाच खाली ठेवला. "आणि हा थेंब?"

"ताज्या लाखेचा. तपासायला माणूस नव्हता, बाबा."

"चाळीस मिनिटं थांबावं लागेल," ते म्हणाले. "आधी नख लावलं तर अहवाल ग्राह्य नाही."

मग दोघं चाळीस मिनिटं बसले. पंखा फिरत होता. खाली श्यामसुंदर कुणाशी तरी मोठमोठ्याने बोलत होता. थोड्या वेळाने सुधाकरराव काचेकडे बघतच म्हणाले,

"केयूर चालायला लागला तेव्हा मी इथे होतो. म्हणजे इथून जवळच, बजबजला. तेलाच्या टाकीला रंग दिला होता, तो तपासायला. सरलाचं पोस्टकार्ड आलं, केयूर परवापासून चालतो. बस, एवढंच. बाकीच्या कार्डावर गॅसच्या नंबराबद्दल होतं. त्या दिवशी टाकीला दोनदा नख लावलं, पण रुतलं का घसरलं ते कळेना. तसंच पास म्हणून टाकलं. आयुष्यात एकदाच."

मधुवंतीने चहाचा कप त्यांच्याकडे सरकवला.

"मी परवा ती रडली तेव्हाच सांगणार होतो," ते म्हणाले. "चुकलंच ते. पण पॉलिश नापास म्हटलं असतं तर नवीन करावं लागलं असतं. नवीन अर्ध्या तासात वाळलं असतं. आणि वाळलं असतं तर वीस जुलैला गाडीत बसावं लागलं असतं."

"तिने अजून पाऊल टाकलं नव्हतं म्हणून?"

"टाकलं असतं तरी," सुधाकरराव म्हणाले. मग घाईने घड्याळाकडे बघितलं. "झाली चाळीस."

त्यांनी अंगठ्याचं नख थेंबावर टेकवलं, दाबलं. नख सर्रकन घसरून काचेवर गेलं. पुन्हा दाबलं, पुन्हा घसरलं. थेंबावर चराही उमटला नाही. त्यांनी मार्कर घेऊन कोऱ्या जागेत सही केली आणि खाली लिहिलं: 'पास'. हा शब्द लिहायची सवय नसल्यामुळे तो जरा वाकडा आला.

"पास झालं का?" सरलाबाईंनी आतून विचारलं. "चला. गणपती वाचले."

पुढचे दोन दिवस घरात कामाची एकच धांदल. शर्वरीला आजीकडे आतल्या खोलीत ठेवून सुधाकरराव आणि मधुवंती स्पिरिटच्या बोळ्यांनी सहाही हात पुसून काढत होते. साड्यांची जाहिरात गेली, डास गेले. खालून साग पुन्हा कोरा निघाला. मग पाऊस उघडलेला बघून, भर उन्हाच्या वेळी, कापसाच्या पुरचुंडीने पातळ असा सातवा हात. अर्ध्या तासाने नख लावलं, घसरलं. आठवा. नववा. प्रत्येक हाताला सुधाकरराव नख लावत आणि प्रत्येक वेळी त्यांचा चेहरा थोडा खट्टू होई, कारण नापास करण्यासारखं काही सापडत नव्हतं.

एकवीस तारखेला संध्याकाळी केयूर ऑफिसातून लवकर आला. बाल्कनीतून आतपर्यंतची वाट मोकळी केली. गाडा मध्ये ठेवला. केयूरने आधी लांबून बघितलं, मग खिशातला रुमाल काढून दांडीवर ठेवला आणि उचलून बघितला.

"अरे, वाळलंय ते," सुधाकरराव म्हणाले.

"तुमच्यावर विश्वास आहे बाबा. पँटचा नाहीये."

मधुवंतीने शर्वरीला दांडीशी उभं केलं. शर्वरीला मागचा अनुभव आठवत असावा. तिने आधी एक बोट टेकवलं आणि काढलं. निघालं. दुसरं टेकवलं आणि काढलं. तेही निघालं. तेव्हा कुठे दोन्ही मुठी दांडीवर बसल्या. गाडा थोडा पुढे सरकला. ती तिथेच राहिली, नुसती लांब झाली, आता पडणार. आणि मग मागचा पाय पुढे आला.

चाकं करकरत होती. एक, मग जरा थांबून दुसरं, मग एकदम दोन घाईची. मग ती धपकन बसली, वर बघितलं आणि पुढे वाकून दांडीच्या टोकाचा कडकडून चावा घेतला. दांडीवर काहीही उमटलं नाही.

"चार," सुधाकरराव म्हणाले. मग बोटांवर मोजून पुन्हा म्हणाले, "चार पावलं."

"पाच," सरलाबाई म्हणाल्या. "पहिलं तुम्ही डोळे पुसत होतात तेव्हाचं."

"डोळ्यात स्पिरिट गेलं होतं."

"मी आल्यापासून स्पिरिटची बाटली उघडलीच नाहीये, बाबा," केयूर म्हणाला. मधुवंतीने त्याला कोपराने ढोसलं.

रात्री बॅगा भरताना मधुवंती ती बरणी घेऊन आली. बरणीत अजून अर्ध्याहून जास्त पॉलिश शिल्लक होतं. दोन्ही जुन्या चिठ्ठ्या तिने धुऊन काढल्या होत्या आणि नवी लावली होती. तिने ती सुधाकररावांपुढे धरली.

"बाबा, एवढं बघून द्या. बरोबर आहे ना?"

त्यांनी चष्मा लावला. चिठ्ठीवर होतं: 'लाख + स्पिरिट. तयार : १७ ऑगस्ट. मुदत : सहा महिने. मुदत संपल्यावर काचेवर थेंब टाकून तपासणे. तपासणारे : सुधाकरराव, स्वतः येऊन.'

त्यांनी ते दोनदा वाचलं. पलंगावर शर्वरी उघड्या बॅगेत बसून आजीच्या साडीचा पदर चावत होती.

"सहा महिने कुणी सांगितलं?" ते म्हणाले.

"श्यामसुंदरने."

"तो पुरुलियाचा. तिकडे हवा कोरडी असते." त्यांनी मधुवंतीच्या हातून मार्कर घेतला, 'सहा'वर काळजीपूर्वक काट मारली आणि वर लिहिलं, 'तीन'. "कलकत्त्याच्या हवेत तीनच. तीन महिन्यांनी बघायलाच हवं."

सरलाबाईंनी साडीची घडी घालता घालता वळून बघितलं. "तीन महिन्यांनी नोव्हेंबर येतो. तेव्हा इथलीही हवा कोरडीच असेल की."

सुधाकररावांनी मार्करचं टोपण पुन्हा काढलं.

"कोरड्या हवेत कसं वागतं ते माहीत नाही," ते म्हणाले आणि चिठ्ठीखाली सही केली. "तेही राहूनच बघावं लागेल."